१९९४ सालच्या लाकडी बोटीचा विमा: नऊ महिन्यांचा अनुभव

आमची सागवानी, दोन सिलिंडरची बोट बाबांनी १९९४ साली बांधून घेतली. ती हर्णै बंदरात असते. गेल्या ऑगस्टमध्ये तिचा विमा उतरवला. जुन्या लाकडी बोटीला विमा कोणी देत नाही असं बंदरावर सगळेच सांगतात, पण मिळतो. आधी बोट मात्र धड करावी लागते.

पहिल्या दोन कंपन्यांनी साल ऐकूनच नाही म्हटलं. तिसरीने दुरुस्तीच्या पावत्या मागितल्या. बाबांनी सुताराच्या मजुरीपासून इंजिनाच्या कामापर्यंत सगळ्या पावत्या एका पिशवीत जपल्या होत्या, त्यावर निभावलं. नोंदणीचा दाखला आणि मासेमारीचा चालू परवाना तर लागतोच.

बोट तपासणारा सर्व्हेअर जुलैत आला, बोट शाकारलेली, म्हणजे पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून झाकलेली असताना. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून सुरुवात करून हातोडीने एकेक फळी ठोकत तो मागे गेला. आवाज टणक येत होता. सुकाणूजवळ एका ठिकाणी मात्र बद्द आला. तिथे त्याने टोच्या लावला, तो बोटाच्या पेराएवढा आत गेला. ती फळी बदलल्यावरच त्याने अहवाल दिला, आणि त्या अहवालानेच आम्हाला पॉलिसी मिळवून दिली. पाहणी बोट पाण्यात असताना करून घेऊ नका.

सगळ्यात स्वस्त पॉलिसीत बोट पूर्ण गेली तरच पैसे मिळणार होते. हप्ता जवळजवळ निम्मा होता, तरी मी ती सोडली. आम्ही ५ लाखांचा, मोडतोडीसह विमा घेतला. १८ टक्के जीएसटी धरून १६ हजारांच्या आसपास गेले. जड आहे, नाकारत नाही.

दुसरी स्वस्त वाट होती फक्त मासेमारीच्या हंगामापुरता विमा घेण्याची. ती कधीच घेऊ नका. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. बोटी किनाऱ्यावर आणि खाडीत होत्या, तिथेच त्या फुटल्या. जून-जुलैत शाकारलेल्या बोटीला संरक्षण आहे, हे पॉलिसीत शब्दांत लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं धरू नका.

दिवाळीच्या आधी वारा फिरला आणि आम्ही आंजर्ले खाडीत आश्रयाला निघालो. खाडीच्या तोंडावर गाळ आहे, तिथे तळ टेकला. नाळेखालच्या दोन फळ्या तडकल्या. त्याच दिवशी फोन केला, फोटो काढले. सर्व्हेअर चौथ्या दिवशी आला, तोवर सुताराला हात लावू दिला नाही. खर्च ६८ हजार झाला, तीन महिन्यांनी ४१ हजार मिळाले. घसारा आणि आमचा ठरलेला वाटा कापला, ते मान्य. पण पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या सांध्यांत नवा कापूस भरण्याचा खर्च ‘नेहमीची झीज’ म्हणून नाकारला, ते अजून पटलेलं नाही. फळी बदलली की सांधा भरावाच लागतो. लेखी हरकत घेतली आहे, उत्तराची वाट बघतोय.

खलाशांचा अपघात विमा वेगळा असतो. तो मच्छीमार सोसायटीमार्फत प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून होतो. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, आणि मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नाही. आमच्या दोन खलाशांची नावं त्यात नव्हती, ती याच धावपळीत घातली.

नूतनीकरण ऑगस्टमध्ये आहे. त्याआधी सुकाणूजवळच्या बाजूच्या फळ्याही काढून बघणार आहे.