परदेशातील इंग्रजी शिक्षकाची नोकरी : मुदत पूर्ण करावी, नोटीस द्यावी की निघून यावे?

इंग्रजी शिकवण्यासाठी आखातात किंवा आग्नेय आशियात गेलेल्या शिक्षकाला करार संपण्याआधी परतावेसे वाटू लागले, की गावाकडची मंडळी त्याच्यापुढे दोनच पर्याय ठेवतात : कसेही करून मुदत काढ, नाहीतर सरळ निघून ये. प्रत्यक्षात मुदत पूर्ण करणे, रीतसर नोटीस देऊन मध्येच सोडणे आणि कोणाला न सांगता परतणे असे तीन मार्ग आहेत. पैसा, कायदा आणि परतल्यावरची सोय या बाबतींत ते एकमेकांपासून फार वेगळे पडतात.

भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने असलेल्या संयुक्त अरब अमिरातीपासून सुरुवात करू. तेथील खासगी क्षेत्राला लागू असलेला कामगार कायदा २०२१ चा असून तो फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आहे. त्यानुसार परिवीक्षा काळ (प्रोबेशन) जास्तीत जास्त ६ महिन्यांचा असतो. त्या काळात देश सोडून जायचे असल्यास १४ दिवसांची लेखी सूचना पुरते; त्यानंतर मात्र करारात लिहिल्याप्रमाणे ३० ते ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. सलग १ वर्षाची सेवा झाली, की पहिल्या ५ वर्षांतील प्रत्येक वर्षासाठी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतके उपदान (ग्रॅच्युइटी) मिळते. वर्षाच्या आत नोकरी सोडणाऱ्याला ते मिळत नाही.

हे आकड्यांत पाहिले म्हणजे फरक नीट कळतो. समजा, एकूण पगार ४,००० दिरहम असून त्यातील मूळ वेतन २,४०० दिरहम आहे आणि नोटीस ६० दिवसांची आहे. दहा महिने भरल्यावर एखादी शिक्षिका नोटीस न देता निघाली, तर तिच्याकडून न भरलेल्या नोटिशीपोटी ८,००० दिरहमपर्यंत रक्कम मागितली जाऊ शकते आणि उपदानही बुडते. तिनेच त्या दिवशी लेखी नोटीस देऊन पुढचे ६० दिवस काम केले, तर त्या दोन महिन्यांचा पगार मिळतो आणि नोटिशीचा काळ सेवेत धरला जात असल्याने वर्ष पूर्ण होऊन १,६८० दिरहम उपदानही हाती पडते. म्हणूनच राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी रुजू झाल्याची तारीख शोधावी आणि वर्ष भरायला दोन-चार दिवस कमी पडत असतील तर तेवढे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

न सांगता निघून येण्याचा मार्ग वरवर सोपा दिसतो, पण तोच सर्वांत महाग पडतो. कामावर गैरहजर राहिल्याची तक्रार नोंदवली गेली, तर तेथे वर्षभर नवा कामाचा परवाना मिळत नाही, थकलेला पगार मागण्याची बाजू लंगडी होते आणि अनुभवाचे प्रमाणपत्र कोणी देत नाही.

पगारच थकला असेल किंवा कराराबाहेरचे वेगळेच काम लावले असेल, तर मात्र सगळा हिशेब बदलतो. मालकाने कराराचा भंग केला असल्यास नोकरी सोडण्याच्या १४ कामकाजी दिवस आधी तेथील कामगार मंत्रालयाला कळवून, आणि त्या मुदतीत त्याने चूक दुरुस्त न केल्यास, नोटीस न भरता नोकरी सोडण्याची मुभा हाच कायदा देतो. पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही आणि भरतीचा खर्चही तो शिक्षकाकडून वसूल करू शकत नाही. अशा स्थितीत दुबईतील प्रवासी भारतीय सहायता केंद्राकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करावी. पुसद किंवा आर्वीला बसलेले आईवडीलही ही तक्रार ऑनलाइन नोंदवू शकतात. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. तेव्हा ‘तू परत आलास तर लाखभर भरावे लागतील’ या धमकीने कोणी तेथे अडकून राहू नये.

इतर देशांचे थोडक्यात सांगतो. थायलंडमध्ये राहण्याची परवानगीच नोकरीला बांधलेली असते, म्हणून राजीनाम्याची आणि विमानाची तारीख जुळवूनच घ्यावी. दक्षिण कोरियात वर्ष भरले तर सुमारे एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मिळते, अकराव्या महिन्यात सोडल्यास ती जाते.

आता घरची बाजू. जाताना आईचे दागिने पतसंस्थेत गहाण ठेवले असतील किंवा संत्र्याचा बगीचा सावकाराच्या नावावर अडकला असेल, तर मुदत पूर्ण करण्याच्या बाजूचे वजन वाढते, कारण परतल्यावरचे उत्पन्न फार कमी आहे. शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. तेही पात्रता परीक्षा आणि शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलची वाट पार केल्यावर. तालुक्याच्या खासगी इंग्रजी शाळा याहूनही कमी देतात. कर्ज फिटले असेल आणि प्रकृती किंवा मन साथ देत नसेल, तर निव्वळ ‘लोक काय म्हणतील’ म्हणून वर्ष काढणे मला पटत नाही. गावात चार दिवस चर्चा होते आणि सोयाबीनच्या पेरणीची घाई सुरू झाली, की ती विरते.

परतीच्या वेळेचाही विचार करावा. उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, आणि शाळांची शिक्षकांची जुळवाजुळव त्याआधीच झालेली असते. ६० दिवसांची नोटीस असलेल्याने मार्चअखेरीस राजीनामा दिला, तर मेअखेरीस गावी येऊन मुलाखती गाठता येतात; ऑगस्टमध्ये आलेल्याला बहुधा तासिका तत्त्वावरचे कामच उरते.

राजीनामा ईमेलने द्यावा, त्याची पोच ठेवावी आणि मूळ पदवी प्रमाणपत्रे हातात घ्यावीत. अमिरातीत करार संपल्यापासून १४ दिवसांत सर्व देणी चुकती करणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणून पैसे खात्यात जमा होण्याआधी ‘सर्व रक्कम मिळाली’ असे लिहिलेल्या कागदावर सही करू नये.