पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर की सगळाच व्हॉल्व्ह?

स्पीकर ठरलेत, डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करून देणारा डबा) आहे, टर्नटेबल माळ्यावरून खाली आलंय आणि आता घरात व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या दिव्यांच्या ॲम्पचा आवाज हवाय, अशांसाठी हे लिहितोय. ट्रान्झिस्टरवर समाधानी असलेल्यांनी खुशाल पुढे जावं, त्यांचे पैसे वाचलेत. बाकीच्यांपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे सगळाच व्हॉल्व्हचा इंटिग्रेटेड ॲम्प (प्री आणि पॉवर एकाच डब्यात), मागे ईएल३४ या मोठ्या व्हॉल्व्हची रांग असलेला. दुसरी, व्हॉल्व्हचा फक्त प्रीॲम्प (नॉब असलेला पुढचा टप्पा) आणि त्याच्यामागे ट्रान्झिस्टरचा साधा पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा). पहिल्या वाटेवर मी अडीच वर्षं होतो, दुसरीवर चौथं वर्ष चालू आहे. (तरुण मंडळी ‘ट्यूब’ म्हणतात. आमच्याकडे ट्यूब म्हणजे ट्यूबलाइट, आणि माझी ती उशिरा पेटते असं बायकोचं मत आहे. म्हणून मी व्हॉल्व्हच म्हणतो.)

आवाजाचं आधी बोलतो, कारण सगळे तेच विचारतात. माझी खोली बारा बाय चौदा फुटांची, स्पीकर ८६ डीबीचे बुकशेल्फ (हा आकडा जितका जास्त, तितक्या कमी वॅटमध्ये आवाज मोठा). ऐकणं बरंचसं ख्याल, थोडं नाट्यसंगीत, रविवारी जुनी हिंदी गाणी. माझं म्हणणं या चौकटीतच धरा.

व्हॉल्व्हचा गोडवा म्हणतात तो काय असतो, हे तानपुरा लावलेल्या माणसाला चटकन कळेल. सुराचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट कंपनांचा उपसूर) म्हणजे त्याचाच वरचा सा. तिसरा म्हणजे त्या वरच्या सप्तकातला पंचम. पाचवा म्हणजे तो गांधार, जो कुणी न छेडता खर्जाच्या तारेतून उमटतो आणि ज्याला आपण स्वयंभू म्हणतो. एकेकट्या ट्रायोडच्या (साध्या, तीन इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हच्या) सर्किटमधून मूळ सुरात जी भेसळ होते, तिच्यात वरच्या सा चा भाग जास्त असतो. म्हणून ती भेसळ आहे हे कानाला कळतच नाही, सूर भरल्यासारखा वाटतो. सातव्या हार्मोनिकचं तसं नाही. तो कोमल निषादापेक्षाही उतरलेला, आपल्या कुठल्याच सुरात न बसणारा.

आता गंमत बघा. बाजारातले ईएल३४ चे बहुतेक ॲम्प पुश-पुल असतात. त्यात दोन व्हॉल्व्ह उलटसुलट काम करतात, आणि आउटपुटला त्यांचा दुसरा हार्मोनिक बराचसा आपसात कटून जातो. म्हणजे ज्या गोडव्यासाठी आपण चार मोठे व्हॉल्व्ह पेटवतो, त्यातला मोठा वाटा पुढच्या अंगठ्याएवढ्या छोट्या व्हॉल्व्हमधून आलेला असू शकतो. ‘शकतो’ म्हणतोय, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा आणि कमी डॅम्पिंग फॅक्टरचाही (स्पीकरच्या कोनावर ॲम्पची पकड किती, त्याचाही) त्यात हात असतो, आणि मी काही मोजायला ऑसिलोस्कोप लावून बसलो नव्हतो.

कानाने जे ऐकलं ते सांगतो. किशोरीताईंचा विलंबित आलाप सगळ्या-व्हॉल्व्हवर किंचित जास्त भरीव वाटायचा, हे कबूल. मध्य सप्तकातला सूर थोडा पुढे येऊन बसायचा. पण तबला सुरू झाला की डग्गा सैल पडायचा. घिस्सा कुठे सुरू झाला ते कळायचं, कुठे संपला ते नाही. ट्रान्झिस्टरच्या पॉवर ॲम्पने तो डग्गा जागच्या जागी धरला. आलापात जे थोडं हातचं गेलं ते मला आठवडाभर जाणवलं, पुढे विसरलो. तुमचा कान माझ्यापेक्षा तिखट असेल तर कदाचित विसरणार नाही.

तरी खरं सांगायचं तर माझा निर्णय आवाजावर झालाच नाही. तो झाला मीटरवर.

रिक्षा सिग्नलला थांबली की आपले डोळे आपोआप मीटरवर जातात, तसं माझं ईएल३४ बाबत झालं होतं. ते किती तास चालतात? कुणी दीड हजार सांगतं, कुणी तीन. वापरण्यावर आहे. पण हा आकडा एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. सकाळी चहाबरोबर आकाशवाणी लावावी म्हटलं तर मनात येई, बातम्या आणि बाजारभावांसाठी चार ईएल३४ कशाला जाळायचे? मग मोबाइलवरच ऐकायचो. मुलीच्या मैत्रिणी आल्या, त्यांना गाणी हवी होती, मी ब्लूटूथचा डबा पुढे केला. बोन चायनाच्या कपबश्या शोकेसमध्ये आणि आपण रोज स्टीलच्या पेल्यात चहा पितो, तसा माझा ॲम्प झाला होता. ‘चांगल्या’ गाण्यापुरता.

बरं, चांगलं गाणं लावलं तरी सुख नाही. मध्येच फोन आला की जीव खालीवर. बंद करू की राहू दे? सारखं बंद-चालू करणंही व्हॉल्व्हना चांगलं नाही म्हणतात. एकदा मावसभावाचा फोन वीस मिनिटं चालला, आणि मी पूर्ण वेळ त्या चार तांबूस दिव्यांकडे बघत ‘हो हो’ म्हणत होतो. चार दिवसांनी आईकडून कळलं, त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मी अभिनंदनसुद्धा केलं नव्हतं.

यात माझा चिकूपणा आहेच, पण नुसता तोच नाही. ईएल३४ चं फिलामेंट ६.३ व्होल्टला दीड अँपिअर घेतं. चार मिळून जवळपास ३८ वॅट, ते नुसते लाल व्हायला. प्लेटची (व्हॉल्व्हच्या आतल्या पत्र्याची) उष्णता वेगळीच. गाणं वाजो न वाजो, माझा ॲम्प भिंतीतून दीडशे वॅटच्या वर ओढायचा. सांगलीच्या एप्रिलमध्ये बारा बाय चौदाच्या खोलीत ही एक जादा शेगडीच. शिवाय रात्री अकरानंतर आमच्या गल्लीत व्होल्टेज २५० ला टेकतं. मग त्या ६.३ चे साधारण ६.८५ होतात, म्हणजे फिलामेंट सोसण्याच्या काठावर. आणि माझी ऐकायची वेळ नेमकी तीच.

माझ्या आत्ताच्या प्रीॲम्पमध्ये ईसीसी८२ हे दोन छोटे व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येकाला ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर, म्हणजे दोघांना मिळून चार वॅटही नाहीत. त्यातही फिलामेंटला रेग्युलेटेड डीसी आहे, त्यामुळे गल्लीत २५० आहे की २२० हे त्यांना कळतही नाही. छोट्या व्हॉल्व्हचं आयुष्य पाच ते दहा हजार तास सहज सांगतात. माझे चार वर्षांत एकदाही बदललेले नाहीत. सकाळी सहाला चालू होतो तो कधी कधी रात्रीच बंद होतो, आणि मी त्याच्याकडे बघतही नाही. मीटर बंद पडला.

ईएल३४ म्हातारे झाले तेही नेमके २०२२ मध्ये. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियातल्या सारातोव्हहून निघणारे व्हॉल्व्ह काही काळ अडकले आणि भाव भडकले. नवे व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथूनच येतात, त्यामुळे एक दार बंद झालं की बाकीच्यांकडे रांग लागते. एकेकाळी बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह कुठल्याही रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या फळीवर असायचे. आता तेच ‘जुना स्टॉक’ म्हणून शौकिनांच्या भावाने विकले जातात. जुळवलेल्या चार ईएल३४ ची किंमत विचारली तेव्हा ती आमच्या महिन्याच्या किराण्याच्या पुढे गेली होती. घरात आकडा सांगायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या वाटेवरही खड्डे आहेत, आणि त्यातल्या एकात मी पंधरा दिवस बसून होतो. सुरुवातीला पॉवर ॲम्प आणला तो एका स्टुडिओतून निघालेला, इनपुट इम्पिडन्स १० किलोओहम (हा आकडा जितका कमी, तितका प्रीवर भार जास्त). प्रीॲम्पच्या आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. या दोघांची गाठ पडली की ३४ हर्ट्झला, म्हणजे अगदी खालच्या सुरात, आवाज तीन डीबीने उतरतो, आणि उतार त्याच्या बराच वरून सुरू होतो. त्यात ईसीसी८२ चा थेट प्लेटवरून घेतलेला आउटपुट, त्याचाच इम्पिडन्स काही किलोओहमचा. त्याला १० किलोओहमचा भार म्हणजे किडकिडीत मुलाच्या पाठीवर तांदळाचं पोतं. आवाज दबला, बारीक झाला, आणि मी मात्र स्पीकर वीतभर पुढे, वीतभर मागे करत बसलो. शेवटी एका मित्राचा ४७ किलोओहमचा ॲम्प दोन दिवसांसाठी आणला. त्याच कपॅसिटरचा तो उतार ७ हर्ट्झवर गेला आणि डग्गा घरी परतला. तेव्हा पॉवर ॲम्प घेताना वॅट नंतर बघा, इनपुट इम्पिडन्स आधी. प्रीच्या आउटपुटच्या दहापट तरी हवा.

गेनचंही, म्हणजे प्री सिग्नल किती पट वाढवतो त्याचंही, तसंच. डॅक दोन व्होल्ट देतो, पॉवर ॲम्पला पूर्ण आवाजासाठी एक-दीड पुरतात, आणि मध्ये हा गडी पंधरापट वाढवायला बसलेला. नॉब घड्याळातल्या आठच्या पुढे नेता येत नाही, आणि त्या टोकाला पोटेन्शिओमीटरचे (नॉबमागच्या भागाचे) दोन चॅनल सारखे चालत नाहीत. रात्री हळू आवाजात ऐकताना गायिका डाव्या स्पीकरला जाऊन टेकते. प्री आणि पॉवरच्या मध्ये १० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) घातला, विषय संपला.

क्रम मात्र पाळावा लागतो. चालू करताना प्री आधी, मिनिटभराने पॉवर. बंद करताना उलटं. वीज जाऊन आली तर दोन्ही एकदम जागे होतात, आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत प्रीतून काय बाहेर पडेल सांगता येत नाही. पहिल्या वर्षी अशीच वीज आली आणि वूफरचा कोन धप्पकन पुढे आलेला मी डोळ्यांनी पाहिला. म्युटिंग रिले (तापेपर्यंत आउटपुट तोडून ठेवणारा) असलेला प्री मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. माझ्यात नाही, म्हणून वीज गेली की मी आधी पॉवर ॲम्पच्या बटणाकडे धावतो. सासूबाई राहायला आल्या की बटणावर चिकटपट्टी लावतो.

एक किरकोळ सोय म्हणजे प्रीॲम्प पाच-सहा किलोंचा असतो, अमेरिकेहून येणाऱ्या भाचीच्या बॅगेत मावतो. फक्त ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्टचा टॅप (आपल्या विजेसाठीची जोडणी) आहे ना, हे ती निघायच्या आधी विचारा. वीस-पंचवीस किलोंच्या इंटिग्रेटेडबद्दल भाचीला विचारूच नये.

तुमचे स्पीकर ९४-९५ डीबीचे असतील, गाणं आठवड्यातून दोनदा, दिवे मालवून, ठरवून ऐकत असाल, तर पहिली वाट घ्या. मी अडवणार नाही, उलट थोडा हेवाच करीन. घरात गाणं पाणी भरताना, पोळ्या लाटताना, पेपर वाचताना चालू राहणारं असेल, तर निदान दुसरी वाट एकदा ऐकून या.

तो इंटिग्रेटेड मी विकलेला नाही. दिवाळी पाडव्याला पहाटे काढतो, दोन रेकॉर्डी लावतो. ईएल३४ तेच जुने, एकाचा काचेतला चंदेरी डाग कडेने तपकिरी पडलाय. मागच्या पाडव्याला एक बाजू संपली, मी उलटी करायला उठलो, तर स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “अहो, बंद करा आता. जळतात ना ते.”