निरोपाचं गाणं: ओळखीच्या चालीवर की स्वतःच्या चालीत?

दहावीच्या निरोप समारंभात आपणच लिहिलेलं गाणं म्हणायचं ठरलं की पहिला वाद चालीवरून होतो. अर्ध्या वर्गाला गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर नवे शब्द बसवायचे असतात, उरलेल्यांना चालही आपलीच हवी असते. परळच्या एका मराठी शाळेत मी या मुलांना पेटीची साथ करतो आणि दोन्ही प्रकार आम्ही करून पाहिले आहेत.

ओळखीच्या चालीचे फायदे खरेच आहेत. कराओके ट्रॅक तयार मिळतो, घाबरलेलं पोरही चालीच्या आधाराने निभावून नेतं. शिवाय आता वेळ कमी. पूर्वी मार्चमध्ये असणारी बोर्डाची परीक्षा २०२५ साली २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्याआधी पूर्वपरीक्षा, तोंडी, प्रात्यक्षिकं. तालमीला मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावरचा थोडा वेळ, एवढंच हाती राहतं. अशात तयार चाल घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण एक गोष्ट मला फार खटकली आणि माझा कौल तिथेच फिरला. मुलांनी गाणं सुरू केलं, सभागृहाने चाल लगेच ओळखली आणि सगळे मूळ शब्दच गाऊ लागले. टाळ्यांचा ठेका धरला गेला, मजा आली, नाही असं नाही. पण दुसऱ्या कडव्यात शाळेच्या मावशींसाठी एक ओळ होती: उशिरा येणाऱ्यांसाठी फाटक जरासं किलकिलं ठेवणाऱ्या मावशी. त्या दाराशी उभ्या होत्या आणि ती ओळ त्यांना ऐकूच गेली नाही. ज्या मुलीने ती लिहिली होती, ती गाता गाता त्यांच्याकडेच बघत होती. नवीन चालीला हा धोका नाही. लोकांना सोबत गाता येत नाही, म्हणून ते ऐकतात.

दुसरी अडचण सुराची. दहावीत बऱ्याच मुलांचा आवाज फुटलेला असतो. मूळ गायकाची पट्टी त्यांना झेपत नाही, आणि ट्रॅक खाली उतरवला की मुलींचा आवाज तळाला जातो. स्वतःची चाल असली की पाच-सहा सुरांतच फिरता येतं. आम्ही भूप रागाच्या सुरांचा आधार घेतला: सा, रे, ग, प, ध. कोमल-तीव्रची भानगड नाही, त्यामुळे न शिकलेली मुलंही सहसा बेसूर होत नाहीत.

चाल लावणं म्हणजे फार मोठं काम, असं मुलांना वाटतं. माझ्या अनुभवात तरी तसं नाही, फक्त शब्द आधी नीट मापात हवेत. आमच्या मुलांचं ध्रुवपद असं होतं:

बाकावरती कोरलं नाव,
बाई, आता पुसू नका

मात्रा मोजून बघा. पहिल्या ओळीत आठ आणि आठ, दुसरीत आठ आणि सहा. आठ मात्रांच्या केहरवा तालात हे आपोआप बसतं आणि शेवटी दोन मात्रा श्वास घ्यायला उरतात. बाक वाजवून म्हणता म्हणताच मुलांना अर्धी चाल सापडली, मी पेटीवर फक्त सूर धरून ठेवले. तयार चालीत याच्या उलट होतं: लांबवायची जागा आधीच ठरलेली असते, मग ‘कोरलं’मधला ‘र’ उगाच ताणावा लागतो आणि शब्द कानाला परका वाटतो.

ॲपकडून चाल करून घेण्याचीही सूचना हल्ली येते. निरोप मुलांनी द्यायचा आहे, म्हणून मी तिच्यात शिरत नाही.

समारंभाला आठवडाच उरला असेल आणि पेटी वाजवणारं कुणी नसेल, तर ओळखीची चाल घ्या, मात्र फार गाजलेली नको. हाताशी तीन-चार आठवडे असतील तर मी स्वतःच्या चालीकडेच झुकेन. आधी ध्रुवपद पक्कं करा. कडव्यांना तीच चाल चालते, आणि ज्या ओळीत कुणाचा उल्लेख आहे ती एकट्या आवाजात ठेवा, कोरसमध्ये नको.