एलडीची चाचणी: नुसती इंग्रजीतून की मराठीतूनही?

इंग्रजी माध्यमात तिसरी-चौथीत असलेल्या मुलाबद्दल टीचरनी ‘एलडीची (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) टेस्ट करून घ्या’ असं सुचवलं, की मुंबईतल्या मराठी घरापुढे दोन पर्याय असतात: खासगी केंद्रात फक्त इंग्रजीतून होणारी चाचणी, किंवा दोन्ही भाषांतून होणारी. आमच्या मुलाच्या दोन्ही झाल्या आहेत.

सोयीत पहिलीला तोड नाही. वेळ पटकन मिळते, शनिवारीही जाता येतं, अहवाल सुबक येतो आणि शाळा तो फायलीला लावून मोकळी होते. मराठीतून नीट चाचणी घेणारे विशेष शिक्षक शोधावे लागतात. सायन, नायर, केईएमसारख्या पालिकेच्या रुग्णालयात जायचं तर केसपेपर, ओपीडी, मग मानसशास्त्रज्ञ, मग विशेष शिक्षक अशा फेऱ्या होतात. नोकरी सांभाळून ते जड जातं. मात्र दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचाच दाखला लागतो, म्हणजे त्या फेऱ्या पुढे कधीतरी आहेतच.

माझं मन फिरलं ते इंग्रजी अहवालाच्या शेवटच्या पानावरच्या एका सूचनेमुळे: ‘घरी मुलाशी इंग्रजीतच बोलावे.’ चाचणी घेताना त्याला मराठीतून एकही प्रश्न विचारलेला नव्हता. फॉर्मवर जन्माचं वजन होतं, रांगायला कधी लागला तेही होतं. घरी कोणती भाषा बोलता, याला रकानाच नव्हता. आमचा मुलगा शाळेतून आला की आजीजवळ बसतो आणि कोण भांडलं, कोणाचा डबा सांडला, सगळं न अडखळता सांगतो. दिवसभरात त्याला आपण हुशार आहोत असं वाटण्याची ती एकच वेळ, आणि तीच बंद करायला सांगत होते. अध्ययन अक्षमता दोन भाषांमुळे होत नाही आणि घरची भाषा काढून घेतल्याने जात नाही. ज्यांनी हे लक्षात घेतलं नाही, त्यांच्या बाकीच्या निष्कर्षांवर माझा भरवसा बसेना.

मग अहवाल पुन्हा वाचला. ‘व्हेट’ लिहायला सांगितलं तर त्याने व्हीऐवजी डब्ल्यू लिहिला होता. तीही चूक अक्षमतेच्या खात्यात. मराठीत दोन्हींना एकच ‘व’, कानाला फरक कळणार कसा? इंग्रजी वाक्यातले ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) गाळले, त्याचंही तेच; मराठीत असे शब्दच नाहीत. इंग्रजी शिकणारी आपली बहुतेक मुलं या चुका करतात.

दुसऱ्या, दोन्ही भाषांतल्या चाचणीत विशेष शिक्षिका बाईंनी आधी नुसतं तोंडी विचारलं. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘कळ’. मग मराठी उतारा दिला. देवनागरीत लिहिलंय तसंच वाचायचं असल्यामुळे अडचण असलेलं मूलही बरंचसं बरोबर वाचतं, म्हणून बाई चुकांपेक्षा वेग बघत होत्या. ‘प्रार्थना’वर त्याचं बोट थांबलं, ओठ हलले, शब्द आला, पण तोवर आधीचं वाक्य विसरलं होतं. निदान बदललं नाही, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अक्षमता) आहेच. पण तो दोन्ही भाषांत दिसला, म्हणून मला तो पटला. उपचारात्मक शिकवणीही इंग्रजी स्पेलिंगच्या घोकंपट्टीऐवजी शब्दातले आवाज वेगळे करण्यापासून सुरू झाली, आणि ती मराठीतून.

प्रत्येक घराला हेच लागू होईल असं नाही. मुलाला मराठी वाचताच येत नसेल तर लेखी मराठी चाचणीचा उपयोग कमी. तरी तोंडी भाग मराठीतून घ्यायला हरकत नसावी. २०२० च्या कायद्यानंतर मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाल्याने तिसरीतल्या मुलाला थोडंफार वाचता यायला हवं.

खासगीतच जायचं असेल, तर वेळ घेण्याआधी फोनवर विचारा: मराठी उतारा वाचून घेता का? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचा ‘डाली’ हा डिस्लेक्सिया तपासण्याचा संच मराठीतही आहे, पहिली ते पाचवीसाठी. तो वापरता का? आणि जाताना इंग्रजीबरोबर मराठीच्याही वह्या न्या, शुद्धलेखनाची तर नक्कीच.