टेक्ससमधील व्हाइटटेल शिकार: दहा महिन्यांनंतरचा अनुभव आणि दीड इंचाचा हिशेब

गेल्या आठवड्यात टॅक्सिडर्मिस्टकडून (जनावरांचे कातडे भरून जतन करणाऱ्याकडून) माझ्या व्हाइटटेल हरणाचे माउंट, म्हणजे जतन केलेले मुंडके, घरी आले. भिंतीवर लावण्यापूर्वी मी पाव इंच रुंदीची पोलादी टेप घेऊन शिंगे पुन्हा मोजली, तेव्हा दांडे, फांद्या, घेर आणि रुंदी यांची बेरीज १४८ ७/८ इंच आली. डिसेंबरात रँचवर हीच शिंगे १५० ३/८ भरली होती आणि या दीड इंचापायी मी १५०० डॉलर जास्त दिले आहेत. अनुभव लिहायचे बरेच दिवस मनात होते. आता मोजमाप हाती आल्यावर लिहिणे भागच आहे.

रँचचे नाव देत नाही. दक्षिण टेक्ससमध्ये, कोटुलाच्या पलीकडे, मेस्किट आणि निवडुंगाच्या रानात सुमारे सहा हजार एकरांवर आठ फुटी कुंपण घातलेली ती जागा आहे. तीन दिवसांची शिकार, राहणे, जेवण आणि गाईड धरून दर शिंगांच्या इंचांवर ठरलेला होता: १४० ते १४९ या गटाला ५,५०० डॉलर आणि १५० ते १५९ या गटाला ७,०००. निम्मी रक्कम आगाऊ द्यायची आणि ती परत मिळत नाही. रक्ताचा एक थेंब दिसला तरी, जनावर हाती लागो वा न लागो, पूर्ण पैसे भरायचे ही अटही होती. ती मला आजही रास्त वाटते, कारण अशा अटीमुळे माणूस खात्री झाल्याशिवाय बार टाकत नाही.

व्यवस्थेबद्दल तक्रार नाही. मी टेक्ससचा रहिवासी असल्याने परवाना २५ डॉलरचा पडला. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकाऱ्यांसाठीचा ‘हंटर एज्युकेशन’ अभ्यासक्रम सक्तीचा आहे, तो आधीच करून ठेवला होता. रँच राज्याच्या मॅनेज्ड लँड्स डिअर प्रोग्रॅममध्ये (हरणांच्या व्यवस्थापनाच्या योजनेत) असल्याने टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी, रँचनेच दिला आणि परवान्यावरचे माझे टॅग शिल्लक राहिले. डिसेंबरचा उत्तरार्ध निवडला, कारण त्या भागात माजाचा काळ तेव्हाच ऐन भरात असतो.

खरे मोल गाईडचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मचाणासमोरच्या वाटेवर दहा टोकांचा एक बक (नर हरीण) आला. त्याची शिंगे इतकी उंच होती की माझा हात आपोआप बंदुकीकडे गेला. गाईडने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दुर्बीण पुढे केली. पाठ सपाट, पोट वर ओढलेले, मान खांद्यांपासून वेगळी दिसणारी. हा चार वर्षांचा आहे, याला अजून दोन वर्षे द्यायची, असे त्याने हलक्या आवाजात सांगितले. व्हाइटटेलची शिंगे साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात सर्वांत भरतात, त्यामुळे व्यवस्थापित रँचवर वयाचा हा नियम काटेकोर पाळावा लागतो. तो पाळताना गिऱ्हाईक नाराज होईल याची त्या माणसाला पर्वा नव्हती. मी तो बक जाऊ दिला आणि त्याचे आजही समाधान वाटते.

तिसऱ्या दिवशी पहाटे गाईडने गळलेल्या शिंगांची जोडी एकमेकींवर आपटून दोन नरांच्या झुंजीचा आवाज काढला. तिसऱ्या खेपेला झुडपातून एक जाड मानेचा, पोट लोंबणारा बक तरातरा चालत आला. १४५ च्या आसपास, असा अंदाज गाईडने दिला. बार खांद्यामागे लागला आणि बक साठ-सत्तर पावलांवर पडला. रक्ताचा माग काढायला दहा मिनिटे पुरली. नंतर जबड्याच्या दातांची झीज पाहून वय साडेसहा निघाले, म्हणजे वयाबाबत गाईड अचूक होता.

मग ट्रकच्या मागच्या फळीवर मोजणी झाली. मुख्य दांडे, फांद्या, प्रत्येक बाजूचे चार घेर आणि आतली रुंदी, सगळे अष्टमांश इंचात कागदावर उतरले आणि बेरीज १४९ २/८ झाली. रँचच्या व्यवस्थापकाने तेवढ्यात उजव्या शिंगाच्या बुडाशी, फांदीच्या मागे वाढलेल्या एका खुंटीवर बोट ठेवले. ती भरली १ १/८ इंच. टोक मोजण्याजोगे ठरायला किमान एक इंच लांबी लागते, म्हणून तीही धरली गेली आणि १५० ३/८ झाले. माझ्या करंगळीच्या पहिल्या पेराएवढ्या त्या खुंटीने मला वरच्या दराच्या गटात नेऊन बसवले.

बून अँड क्रॉकेट या शिकारीच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी क्लबच्या ‘टिपिकल’ (सममित शिंगांच्या) मोजणीत असे जादा टोक बेरजेत येत नाही, उलट वजा होते. दोन्ही बाजूंतला फरकही वजा होतो आणि अधिकृत मोजणी शिंगे साठ दिवस वाळल्यानंतरच केली जाते, कारण ओली शिंगे वाळताना आकसतात. त्या क्लबची नोंदवही उंच कुंपणातले जनावर स्वीकारत नाही हे मला माहीत आहे आणि नोंदीची माझी अपेक्षाही नव्हती. पण जाहिरातीत त्याच क्लबच्या पद्धतीचे नाव वापरायचे आणि पैसे घेताना मात्र ओल्या शिंगांची, काहीही वजा न करता, खुंटीसकट बेरीज लावायची, हे मला पटलेले नाही. करारात ‘रँचची मोजणी अंतिम’ एवढेच वाक्य आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच्या पिढ्यांना शिकारीचा वारसा उरलेला नाही, त्यामुळे असे वाक्य वाचताना त्यात काय दडले आहे हे आपल्याला घरचे कोणी सांगत नाही. माझे तसेच झाले. मी जागेवर वाद घातला, पण पाहुणा म्हणून गेल्यावर आवाज चढवायचा नाही या संकोचाने शेवटी पैसे भरले.

फेब्रुवारीत, साठ दिवस उलटल्यावर, टॅक्सिडर्मिस्टकडे जाऊन अधिकृत मोजणी करणाऱ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडून शिंगे मोजून घेतली: खुंटी धरून १४८ ७/८. तो कागद जोडून रँचला पत्र लिहिले. तीन आठवडे उत्तर नाही. दुसऱ्या पत्राला उत्तर आले की पैसे परत मिळणार नाहीत, मात्र पुढच्या हंगामात एका मादीची शिकार विनामूल्य देऊ. तेव्हा मी इतका चिडलो होतो की ही जागा कोणालाही सुचवायची नाही असे ठरवले होते.

ते मत आज तसेच्या तसे राहिलेले नाही. मांस हे त्याचे एक कारण. हाडे काढून सुमारे पंचावन्न पौंड मिळाले आणि तेव्हापासून घरात बाहेरचे मटण जवळपास आलेच नाही. २०१५ साली मेडिना काउंटीत पैदास केलेल्या व्हाइटटेलमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा रोग सापडल्यापासून मी याबाबत दक्ष असतो. रँचने न सांगता नमुना टेक्सस ए अँड एमच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेकडे पाठवला आणि रोग न आढळल्याचा अहवाल येईपर्यंत माझा हिस्सा वेगळा ठेवला. हे मांस चरबीविरहित असल्याने रश्शात चटकन कोरडे पडते. काळ्या मसाल्यातला खिमा मात्र उत्तम होतो आणि मांडीचे तुकडे कुकरमध्ये न घालता मंद आचेवर दोन तास ठेवल्यास मऊ होतात.

कुंपणाबद्दलही मत बदलले. जाण्यापूर्वी मला वाटत होते की आठ फुटी कुंपण म्हणजे पिंजरा. पण इतक्या मोठ्या रानात दोन दिवस बसूनही मला हवा तो बक दिसला नव्हता आणि कुंपणाची तार फक्त ये-जा करताना दिसली. शंभर-दोनशे एकरांच्या कुंपणाबद्दल मी हे म्हणणार नाही. बुकिंग करताना एकरांचा आकडा विचाराच. माउंटचे काम सुबक झाले आहे, त्याला नऊ महिने लागले.

पण १५०० डॉलर ही लहान रक्कम नव्हे आणि माझ्या दृष्टीने ती आजही रँचकडे येणे आहे. ज्याच्या हातात टेप आहे, त्याच्याच खिशात मोजणीचे पैसे जाणार असतील, तर गिऱ्हाईकाला बार टाकण्यापूर्वी कमाल किंमत कळलीच पाहिजे. चांगल्या गाईडचा अंदाज पाच-सहा इंचांनी चुकू शकतो. त्या चुकीचा भुर्दंड ऐकणाऱ्यावर पडू नये.

विनामूल्य मादीचा प्रस्ताव मी स्वीकारला आहे. जानेवारीत त्याच गाईडबरोबर जाणार आहे आणि जोडीला एक मॅनेजमेंट बकही (कळपाच्या व्यवस्थापनासाठी काढायचा नर) ठरवला आहे: दर एकच, २,००० डॉलर, शिंगांची मोजणी नाही. या तिन्ही गोष्टी या वेळी रँचकडून ईमेलवर लिहून घेतल्या आणि मगच आगाऊ रक्कम पाठवली.