मालवणातला बास्केटबॉल क्लास, वर्षभराचा अनुभव

मालवणात मुलांना बास्केटबॉलला घालायचा विचार असेल तर हे वाचा, मागच्या वर्षी मी विचारत फिरत होते तेव्हा मला कुणी धड सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. मुलगा 13 वर्षांचा, उंचीने कमी. आधी एका ठिकाणी चार महिने जात होता, तिथे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की याची उंची नाही, आणि मग चार महिने पोरगं बाटल्या भरून आणायचं आणि बॉल उचलायचं. घरी येऊन काही बोलायचा नाही पण जेवायचाही नाही नीट. शेवटी काढला तिथून.

आता जातो त्या क्लासचे सर मुंबईत कॉलेजपासून खेळलेले, पुढे ऑफिसच्या टीममधून खेळले, गुडघा गेला आणि गावी परत आले. ते स्वतःच सांगतात की मी कोर्टवर कमी आणि बाकावर जास्त बसलोय. पहिल्या दिवशी माझा मुलगा सवयीने जाऊन कडेला बसला आणि डोळे पुसायला लागला तर सर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "रडतंस कित्याक रे झिला? बाकार बसान गेम बघ, मगे माका सांग काय दिसला ता." मी कंपाउंडच्या चिऱ्यावर बसून ऐकत होते, तिथेच मला हा माणूस पटला.

सरांचा देव म्हणजे स्टीव्ह कर, अमेरिकेचा बास्केटबॉल खेळाडू आणि नंतर कोच. मला वर्षापूर्वी नाव पण माहीत नव्हतं, आता तोंडपाठ आहे कारण शनिवारी प्रॅक्टिस झाली की सर पोरांना कट्ट्यावर बसवून त्याची एकेक गोष्ट सांगतात आणि तीच गोष्ट रात्री आमच्याकडे माशाच्या कढीबरोबर परत होते. जन्म 1965 चा, बैरूतचा. वडील प्रोफेसर, तिथल्या अमेरिकन युनिव्हर्सिटीचे प्रमुख झाले आणि जानेवारी 1984 मध्ये त्यांना गोळ्या घालून मारलं. कर तेव्हा 18 वर्षांचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, आणि दोनच दिवसांनी मॅच खेळायला उतरला. हे मुलाने सांगितलं त्या रात्री माझा घास हातात तसाच राहिला.

एनबीए म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी बास्केटबॉल लीग, तिथे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात त्याला 1988 ला 50 व्या नंबरवर घेतलं, म्हणजे कुणाला फार अपेक्षा नव्हतीच. 910 मॅच खेळला, सरासरी 6 पॉइंट, बहुतेक वेळा बाकावरून उठून. पण थ्री पॉइंटरची, म्हणजे लांबून मारलेल्या तीन पॉइंटच्या शॉटची, टक्केवारी 45.4, आजही एनबीएच्या इतिहासात सगळ्यात वर. खेळाडू म्हणून पाच वेळा चॅम्पियन, तीनदा शिकागो बुल्सबरोबर आणि दोनदा सॅन अँटोनिओ स्पर्सबरोबर. 1995 मध्ये प्रॅक्टिसला बुल्सचा सगळ्यात मोठा खेळाडू मायकल जॉर्डन याच्याशी भांडण झालं, जॉर्डनने ठोसा मारला, हा मागे हटला नाही, आणि पुढे 1997 च्या फायनलच्या सहाव्या मॅचला शेवटच्या काही सेकंदांत त्याच जॉर्डनने बॉल दिला तो याच्याच हातात. तो शॉट थ्री होता असं खूप जण समजतात, पण दोन पॉइंटचा होता, आमच्या चिरंजीवांनी मला दोनदा दुरुस्त केलंय.

मला सगळ्यात आवडते ती 2003 ची गोष्ट. स्पर्सकडून डल्लसच्या टीमविरुद्ध, सीझनभर फारसा खेळलेला नाही, वय 37, टीम मागे पडलेली, आणि याला उठवलं तर 4 पैकी 4 थ्री घातले. सर म्हणतात, बाकावर बसून जो झोपत नाही त्यालाच हे जमतं. म्हणून आमच्या क्लासला बाकावरच्या मुलालाही काम असतं, समोरचा कोण डाव्या हाताने ड्रिबल करत नाही, रिबाउंडला, म्हणजे रिंगला लागून परत आलेला बॉल पकडायला, कोण मागे राहतो, हे सगळं बघून सरांना सांगायचं.

2014 ला कर गोल्डन स्टेट वॉरियर्सचा कोच झाला, पहिल्याच वर्षी 67 मॅच जिंकून चॅम्पियन, टीमला 40 वर्षांनी टायटल. त्या वर्षी त्याने आंद्रे इग्वोडाला या मोठ्या खेळाडूला, जो तोपर्यंत प्रत्येक मॅच सुरुवातीपासून खेळला होता, बाकावर बसायला सांगितलं आणि तो बसला. फायनलमध्ये टीम 2-1 ने मागे होती तेव्हा चौथ्या मॅचला त्यालाच सुरुवातीला उतरवलं, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. ही आयडिया निक युरेन नावाच्या एका तरुण सहाय्यकाची होती आणि करने ते मॅचनंतर सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगितलं. आमच्याकडे स्कोअरची वही एक सातवीतली मुलगी धरते, तिने एकदा सांगितलं की सर, आपले सगळे पास उजवीकडेच जातायत, तर सरांनी तिथल्या तिथे खेळ थांबवून डावी बाजू चालू केली आणि सगळ्यांना सांगितलं हे हिने बघितलं. त्या पोरीचा चेहरा बघायला हवा होता.

आता क्लासचं. शूटिंगला पहिला महिना रिंगपासून पाच फुटांवरूनच, एका हाताने, लांबून मारायला बंदी. फ्री थ्रो, म्हणजे रेषेवर उभं राहून कुणी न अडवता मारायचा शॉट, रोज. कोर्ट सिमेंटचं आणि खरखरीत, त्यामुळे भारी चामड्याचा बॉल नेऊ नका, महिन्यात साल निघते, रबरीच बरा. घामाने हात निसटतात म्हणून पंचा द्या बरोबर. खाऱ्या हवेने रिंग गंजलीय, रंग मारून दोन महिने टिकत नाही. विकतची नेट सारखी फाटायची, मग बॅचमधल्या एका मुलाचे वडील रापणीला जातात त्यांनी जुन्या जाळ्याच्या दोऱ्याची नेट विणून दिली, रिंगच्या बाराही हुकांना गाठी मारून, एवढी घट्ट की बॉल त्यातून क्षणभर थांबून मग खाली पडतो. तो आवाज ऐकायला मी मुद्दाम लवकर जाते.

न आवडलेल्या गोष्टी पण सांगते. छप्पर नाही, म्हणजे जून ते सप्टेंबर जवळजवळ बंदच, शेवाळ धरतं कोर्टला आणि सर तेव्हा शाळेच्या पडवीत नुसतं पासिंग घेतात. मुलींसाठी कपडे बदलायला जागा नाही, हे खरंच व्हायला पाहिजे. आणि तालुक्याच्या टीममध्ये घुसवून द्या, सर्टिफिकेट मिळवून द्या असं मनात असेल तर या सरांकडे ते होणार नाही, ते तोंडावर सांगतात.

फी बाकीच्या उन्हाळी क्लासइतकीच आहे, हप्त्याने चालते. सकाळची बॅच साडेसहाची, संध्याकाळची पाचची, लहानांना 5 नंबरचा बॉल, मुलींना 6, मोठ्या मुलांना 7. आमचा अजूनही बऱ्याचदा बाकावर असतो. परवा येऊन म्हणाला, आई, त्यांचा उंच पोरगा दमला की डावा पाय ओढतो, मी सरांना सांगितलं. आणि दोन वेळा भात घेतला.