'आर्ग०, आर्ग१' कायमचं घालवायचं असेल तर: जावाच्या पॅरामीटर हिंट्स, सहा महिन्यांच्या वापरानंतर

एक्लिप्स आणि व्हीएस कोड या दोन्ही कोड एडिटरांत सहा महिने रोज जावा लिहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते: ऑटोकम्प्लीटमध्ये पॅरामीटरची (मेथडला द्यायच्या किमतींची) नावं 'आर्ग०, आर्ग१' अशी न दिसता नीट दिसणं एडिटरपेक्षा तुमच्या जार फाइलींवर (कंपाइल केलेल्या लायब्ररीच्या गठ्ठ्यांवर) जास्त अवलंबून आहे. नावं दिसत नाहीत म्हणून एडिटर बदलणाऱ्यांचे कष्ट बहुतेक वेळा वाया जातात.

'सिस्टिम.अ‍ॅरेकॉपी' घ्या. तिचा सोर्स (मूळ कोड) एडिटरला जोडलेला नसेल तर यादीत दिसतं: ऑब्जेक्ट आर्ग०, इंट आर्ग१, ऑब्जेक्ट आर्ग२, इंट आर्ग३, इंट आर्ग४. यातला कुठला अ‍ॅरे वाचायचा आणि कुठल्यात लिहायचं? दोन्ही ऑब्जेक्टच, त्यामुळे उलटे दिले तरी कंपायलर गप्प बसतो आणि चांगला डेटा पुसला जातो. सोर्स जोडला की तीच ओळ 'एसआरसी, एसआरसीपॉस, डेस्ट, डेस्टपॉस, लेंग्थ' अशी वाचता येते. जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) ९ पासून हा सोर्स जेडीकेच्या 'लिब' फोल्डरमध्ये 'एसआरसी.झिप' म्हणून असतो. उबुंटू-डेबियनवर मात्र त्याचं वेगळं पॅकेज आहे. जेडीके १७ साठी 'ओपनजेडीके-१७-सोर्स' टाका, म्हणजे जेडीकेपुरता प्रश्न मिटला.

बाहेरच्या लायब्रऱ्यांचं दुखणं वेगळं. 'जावासी' हा कंपायलर काहीही न सांगता चालवला तर क्लास फाइलमध्ये ओळींचे क्रमांक आणि सोर्स फाइलचं नाव जातं, व्हेरिएबलची नावं जात नाहीत. '-जी' दिलं की लोकल व्हेरिएबल टेबल तयार होतं आणि त्यातून एडिटरला पॅरामीटरची नावं मिळतात. मेव्हन हे बिल्ड टूल '-जी' आपणहून देतं. तरीही एकाच जारमधल्या क्लासच्या मेथडला नावं दिसतात आणि इंटरफेसच्या मेथडला आर्ग० दिसतं, ते का? कारण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथडला, जशा इंटरफेसमधल्या बहुतेक असतात, बॉडी (आतला कोड) नसते, आणि बॉडी नाही तर लोकल व्हेरिएबल टेबलही नाही. आपण तर बरीचशी लायब्ररी इंटरफेसमधूनच वापरतो, म्हणून हे जास्त बोचतं.

यावर खरा उपाय जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे: कंपायलरचा '-पॅरामीटर्स' हा पर्याय. त्याने नावं क्लास फाइलमध्ये स्वतंत्रपणे लिहिली जातात, इंटरफेसचीसुद्धा. मेव्हनमध्ये पॉम फाइलच्या (प्रोजेक्टच्या मेव्हन सेटिंग्जच्या) प्रॉपर्टीजमध्ये 'मेव्हन.कंपायलर.पॅरामीटर्स' ट्रू करा. ग्रेडल हे बिल्ड टूल असेल तर कंपायलर आर्ग्जमध्ये '-पॅरामीटर्स' जोडा. एक्लिप्समध्ये प्रेफरन्सेस, जावा, कंपायलर इथे 'स्टोअर इन्फर्मेशन अबाउट मेथड पॅरामीटर्स' हा चौकोन टिक करा. क्लास फाइल किंचित मोठी होते, तेवढी सहज परवडते. स्प्रिंग या वेब फ्रेमवर्कच्या ६.१ पासून तर हा पर्याय दिला नसेल तर कंट्रोलरमधल्या (वेब रिक्वेस्ट हाताळणाऱ्या क्लासमधल्या) आर्ग्युमेंटचं नाव सापडत नाही अशी एरर रनटाइमला येते, तेव्हा तिथे तो लागतोच.

ज्यांचा बिल्ड आपल्या हातात नाही अशा जारसाठी 'एमव्हीएन डिपेंडन्सी:सोर्सेस' ही मेव्हनची कमांड एकदा चालवा, म्हणजे त्यांचा सोर्स उतरतो. व्हीएस कोडमध्ये जावाच्या सेटिंग्जमध्ये 'मेव्हन डाउनलोड सोर्सेस' चालू करा. टीममधल्या सामायिक लायब्ररीसाठी मेव्हन सोर्स प्लगिनचा 'जार-नो-फोर्क' गोल पॉममध्ये बसवून सोर्स जारही पब्लिश करावा. नावांबरोबर जावाडॉकही (कोडमध्ये लिहिलेली मेथडची माहिती) दिसायला लागतो.

आता ओळीतच फिकट अक्षरात दिसणाऱ्या इनले हिंट्स. व्हीएस कोडमध्ये जावासाठी नन, लिटरल्स, ऑल असे पर्याय आहेत. 'लिटरल्स'च ठेवा. 'लोकलडेट.ऑफ(२०२४, ५, ६)' पाहिल्यावर ही ५ जून की ६ मे, असा आपल्याकडे दिवस आधी लिहायची सवय असलेल्याचा घोळ होतोच. आकड्यांपुढे इयर, मंथ, डेऑफमंथ दिसलं की शंका उरत नाही. 'ऑल' केलं तर 'युजर' नावाच्या व्हेरिएबलपुढेही नाव चिकटण्याची वेळ येते आणि ओळी उगाच लांबतात. एडिटरच्या 'इनले हिंट्स एनेबल्ड'मध्ये 'ऑफ अनलेस प्रेस्ड' निवडलं की कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरल्यावरच हिंट दिसते. दाट कोड वाचताना ही सोय फार उपयोगी पडते.

या हिंट्स फाइलमध्ये नसतात. ब्राउझरमध्ये रिव्ह्यू करणाऱ्याला 'ट्रू, फॉल्स, ट्रू' एवढंच दिसतं. तीन बूलियन घेणारी मेथड हिंटच्या भरवशावर तशीच ठेवू नये, तिथे इनम (ठरावीक नावांचा टाइप) आणावा.

एक्लिप्सच्या कंटेंट असिस्टमध्ये (तिथल्या ऑटोकम्प्लीटमध्ये) 'इन्सर्ट बेस्ट गेस्ड आर्ग्युमेंट्स'ऐवजी 'इन्सर्ट पॅरामीटर नेम्स' घ्या. अंदाज टाइप आणि नाव जुळवून लावला जातो. नावच आर्ग० असेल तर उरतो फक्त टाइप, आणि दोन इंटपैकी चुकीचा भरला जातो. जेयुनिट या टेस्टिंग लायब्ररीच्या ४ वरून ५ वर जाताना ही काळजी विशेष घ्या: अपेक्षित आणि प्रत्यक्ष किंमत ताडून पाहणाऱ्या 'असर्टइक्वल्स'मधला मेसेज पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेवर गेला आहे. तिन्ही स्ट्रिंग असतील तर कोड कंपाइल होतो आणि मेसेजच 'एक्स्पेक्टेड' म्हणून तपासला जातो. हिंट चालू असेल तर मेसेजपुढे 'एक्स्पेक्टेड' लिहिलेलं लगेच दिसतं.

सगळं करूनही आर्ग० दिसत असेल तर आधी 'जावापी -व्ही' या कमांडने त्या क्लासची माहिती काढा. त्यात 'मेथडपॅरामीटर्स' नसेल तर जार जुनीच आहे. लोकल मेव्हन रिपॉझिटरीतली ती स्नॅपशॉट (चालू कामाची) आवृत्ती काढून बिल्ड पुन्हा करा. 'मेथडपॅरामीटर्स' असेल, तर दोष एडिटरच्या कॅशेत आहे. व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमधून 'क्लीन जावा लँग्वेज सर्व्हर वर्कस्पेस' चालवा आणि इंडेक्सिंग पूर्ण होईपर्यंत थांबा. ते अर्धवट असताना यादी उघडली तर नावं पुन्हा गायब दिसू शकतात.